चिपविचार : उड्डाण, धाव आणि क्लबची निवड

१. विषय आणि प्रयोजन

गोल्फमधील फटक्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात उपलब्ध शक्तीचा बहुतांश भाग खर्च करून चेंडू दूर पाठवायचा असतो. दुसऱ्या वर्गात शक्ती विपुल असते आणि तिचा नेमका अंश वापरायचा असतो. ग्रीनच्या काठावरून मारला जाणारा चिप हा दुसऱ्या वर्गातील फटका होय. प्रस्तुत विवेचन या एका फटक्यापुरते मर्यादित आहे. त्यात व्याख्या, क्लबच्या निवडीचा नियम, त्रुटीचे गणित, कृतीच्या अवस्था आणि अभ्यासाची रीत या क्रमाने विचार केला आहे.

हे विवेचन विशिष्ट स्थितीतील खेळाडूसाठी आहे. मध्य रेल्वेवर कल्याण आणि उल्हासनगर यांच्या मध्ये विठ्ठलवाडी हे स्थानक आहे. येथे राहणाऱ्या गोल्फपटूला ग्रीन दाराशी नाही. १९२७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान चेंबूरला आहे. तेथे जाण्यासाठी कुर्ल्याला उतरून हार्बर मार्गाची गाडी धरावी लागते, आणि ती संस्था सदस्यांची आहे. सिडकोने विकसित केलेले मैदान खारघरच्या खोऱ्यात आहे; त्यासाठी ठाण्याला ट्रान्स-हार्बर मार्गावर गाडी बदलावी लागते. दोन्हीकडे जाण्यायेण्यात खेळाइतकाच वेळ जातो. म्हणून या खेळाडूपाशी सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती, तर ग्रीनवर घालवता येणारा वेळ.

यातून प्रश्न उद्भवतो : ग्रीनचा सहवास अत्यल्प असताना चिप सुधारता येईल काय? पुढील प्रतिपादनाचे उत्तर होकारार्थी आहे. चिपमध्ये हाताने शिकण्याचा एक अंश आहे आणि मोजून जाणण्याचा दुसरा अंश आहे. हे दोन अंश विभक्त करता येतात, आणि ते विभक्त केल्यावर पहिल्या अंशासाठी ग्रीन लागत नाही.

२. संज्ञा

(१) ग्रीन : होलभोवतीचा, अत्यंत आखूड कापलेल्या गवताचा पृष्ठभाग. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो.

(२) काठ : ग्रीनला लागून असलेली, किंचित उंच गवताची पट्टी, खेळाडू तिला फ्रिंज म्हणतात. नियमांच्या दृष्टीने ती ग्रीनचा भाग नाही.

(३) उड्डाण : चेंडू क्लबपासून सुटल्यापासून प्रथम जमिनीला टेकेपर्यंतचे अंतर.

(४) पतनबिंदू : चेंडू प्रथम टेकतो ते स्थान.

(५) धाव : पतनबिंदूपासून चेंडू थांबेपर्यंतचे अंतर. टप्पे आणि घरंगळणे या दोहोंचा तीत समावेश होतो.

(६) गुणोत्तर : धावेला उड्डाणाने भागून येणारी संख्या. ती परिमाणरहित आहे. अंतर मीटरने मोजले काय किंवा पावलांनी मोजले काय, गुणोत्तर तेच राहते. म्हणून मैदानावर पावले पुरेशी होतात.

(७) लॉफ्ट : क्लबचा मुखपृष्ठभाग उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो तो कोन.

(८) बाउन्स : क्लबचा तळ त्याच्या अग्रधारेच्या खाली जितका उतरलेला असतो तो कोन.

(९) लाय : चेंडू ज्या स्थितीत पडला आहे ती स्थिती; म्हणजे गवताची उंची, जमिनीचा कठीणपणा आणि उतार.

३. समीपफटक्यांचे प्रकार

ग्रीनच्या परिसरातील फटके गुणोत्तराच्या आधारे चार प्रकारांत विभागता येतात. (अ) पट : उड्डाण नगण्य, सर्व अंतर धावेचे. (आ) चिप : उड्डाण आहे, पण धाव उड्डाणाइतकी किंवा त्याहून अधिक आहे. (इ) पिच : उड्डाण धावेहून अधिक. (ई) लॉब : उड्डाण उंच, धाव जवळजवळ शून्य. बंकरमधील फटक्यात क्लब चेंडूऐवजी वाळूवर आघात करतो. त्याचे तंत्र भिन्न असल्यामुळे तो येथे वर्ज्य आहे.

ही व्याख्या अंतरावर किंवा क्लबवर आधारलेली नाही. सँड वेजने मारलेला फटका चिप असू शकतो आणि पिचही असू शकतो. म्हणून ‘चिपसाठी कोणता क्लब?’ हा प्रश्न अपूर्ण आहे. ‘या ठिकाणी किती गुणोत्तर हवे?’ हा पूर्वप्रश्न आहे, आणि क्लब त्याच्या उत्तरातून निष्पन्न होतो.

४. क्लबचे गुणधर्म

नियमानुसार पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यांपैकी चिपला उपयोगी पडणाऱ्यांचे लॉफ्ट साधारणतः असे असतात : सात नंबर आयर्न ३० ते ३४ अंश, आठ नंबर ३५ ते ३८, नऊ नंबर ४० ते ४२, पिचिंग वेज ४४ ते ४८, सँड वेज ५४ ते ५६, लॉब वेज ५८ ते ६०. सँड वेजचे आधुनिक रूप जीन सॅराझेन या अमेरिकी खेळाडूने घडवले आणि १९३२ सालच्या ब्रिटिश ओपनच्या विजयात ते वापरले. त्याचे वैशिष्ट्य लॉफ्टपेक्षा बाउन्समध्ये होते : रुंद, उतरता तळ वाळूत रुतण्याऐवजी तीवरून सरकतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. क्लबवरचा आकडा प्रमाणभूत नसतो. अंतर वाढावे म्हणून अलीकडच्या अनेक संचांत लॉफ्ट कमी केलेले असतात. जुन्या संचातील पिचिंग वेज ४८ ते ५० अंशांचा, तर नव्या संचातील ४३-४४ अंशांचाही असू शकतो. हा दुसरा क्लब नावाने वेज असला तरी वर्तनाने जुन्या नऊ नंबरच्या जवळ जातो. जुना संच विकत घेणाऱ्याने, किंवा दोन संचांतील क्लब एकत्र केलेल्याने, लॉफ्ट अंशांत जाणून घ्यावा. आकड्यावर विसंबू नये.

५. आघात

क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी काळ टिकतो. मनुष्याच्या प्रतिक्रियेस सेकंदाचा सातवा ते पाचवा भाग लागतो. यावरून पहिला सिद्धान्त निघतो : आघाताच्या क्षणी हाताला काहीही सुधारता येत नाही. जे काही ठरते ते आघातापूर्वीच्या रचनेने आणि गतीने ठरते. ‘चेंडू उचलण्यासाठी’ मनगटाने केलेला अखेरचा प्रयत्न कालदृष्ट्या निष्फळ असतो. त्याचा परिणाम एवढाच होतो की क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे सरकतो.

चेंडूची सुटण्याची दिशा मुख्यतः आघातकाळच्या लॉफ्टवर अवलंबून असते. मागची फिरकी लॉफ्ट, गती आणि मुख-चेंडूमधील घर्षण यांवर अवलंबून असते. मध्ये गवत किंवा पाणी आल्यास घर्षण घटते, फिरकी कमी होते आणि धाव वाढते. म्हणजेच एकच क्लब, एकच गती असूनही रफमधून धाव वेगळी आणि आखूड गवतावरून वेगळी. ही बाब आठव्या आणि नवव्या प्रकरणांत उपयोगी पडेल.

६. गुणोत्तराचा नियम

मध्यम गतीच्या, सपाट ग्रीनवर, साध्या चिप-हालचालीने प्रत्येक क्लब विशिष्ट गुणोत्तर देतो. स्थूल मूल्ये अशी : सँड वेज १, पिचिंग वेज २, नऊ नंबर ३, आठ नंबर ४, सात नंबर ५, सहा नंबर ६. ही मूल्ये लक्षात ठेवण्याचा सर्वपरिचित उपाय म्हणजे बाराचा नियम : बारातून इच्छित गुणोत्तर वजा करावे, उरेल त्या आकड्याचा क्लब घ्यावा. गुणोत्तर ४ असेल तर आठ नंबर. गुणोत्तर २ असेल तर दहा, म्हणजे पिचिंग वेज.

गुणोत्तर काढण्याच्या पायऱ्या चार आहेत.

(१) ग्रीनच्या कडेपासून एक पाऊल आत पतनबिंदू निश्चित करावा. तो ग्रीनवरच असावा, कारण काठावरचा किंवा रफमधला टप्पा अनुमानाबाहेरचा असतो. एक पाऊल ही त्रुटीसाठी राखलेली जागा होय.

(२) चेंडूपासून पतनबिंदूपर्यंतची पावले मोजावीत, हे उड्डाण.

(३) पतनबिंदूपासून होलपर्यंतची पावले मोजावीत, ही धाव.

(४) भागाकार करावा.

उदाहरण : चेंडू ग्रीनच्या कडेपासून ३ पावले बाहेर आहे आणि होल कडेपासून १३ पावले आत आहे. पतनबिंदू कडेच्या आत १ पाऊल. म्हणून उड्डाण ४, धाव १२, गुणोत्तर ३, क्लब नऊ नंबर. दुसरे उदाहरण : चेंडू ६ पावले बाहेर, होल ४ पावले आत. उड्डाण ७, धाव ३. गुणोत्तर १ पेक्षा कमी. व्याख्येनुसार येथे चिप शक्य नाही, पिच हवा. नियमाचे हेही एक कार्य आहे की जेथे चिप नाही तेथे तो तसे सांगतो.

७. त्रुटीचे गणित

‘जितका कमी लॉफ्ट तितका चिप सुरक्षित’ असे सामान्यतः सांगितले जाते. हे वचन कितपत खरे आहे, ते तपासणे आवश्यक आहे.

एकूण अंतर १२ पावले मानू. सँड वेजने (गुणोत्तर १) उड्डाण ६ पावले. सात नंबरने (गुणोत्तर ५) उड्डाण २ पावले. उड्डाणातील त्रुटी उड्डाणाच्या एकदशांश आहे असे धरू. सँड वेजची त्रुटी ०·६ पाऊल. धावही त्याच प्रमाणात बदलत असल्याने अंतिम त्रुटी दुप्पट, म्हणजे १·२ पावले. सात नंबरची त्रुटी ०·२ पाऊल. अंतिम त्रुटी सहापट, म्हणजे पुन्हा १·२ पावले. सामान्य रूपाने मांडल्यास : उड्डाणातील त्रुटी (१ + गुणोत्तर) पटीने वाढते, पण उड्डाण त्याच पटीने आखूड झालेले असते. त्रुटी उड्डाणाच्या प्रमाणात असेल तर कोणताही क्लब श्रेष्ठ ठरत नाही.

परंतु त्रुटीचा काही अंश स्थिर असतो. उड्डाण कितीही आखूड असो, तो राहतोच. हा अंश ०·१ पाऊल धरला तर सँड वेजच्या बाबतीत तो ०·२ होतो आणि सात नंबरच्या बाबतीत ०·६. म्हणजे केवळ अंतराच्या गणिताने अत्यल्प लॉफ्टचा क्लब उलट किंचित हानिकारक ठरतो.

मग त्या वचनाला आधार कोणता? आधार तिसऱ्या प्रकारच्या त्रुटीत आहे. आघातच चुकला, क्लब आधी जमिनीत गेला किंवा अग्रधार चेंडूच्या मध्यावर लागली, तर चेंडू जागेवरच राहतो किंवा ग्रीन ओलांडून जातो. ही त्रुटी प्रमाणाने मोजता येत नाही. तिने फटकाच नष्ट होतो. तिची संभाव्यता हालचालीच्या व्याप्तीबरोबर वाढते, आणि त्याच उड्डाणासाठी जास्त लॉफ्टच्या क्लबला जास्त व्याप्ती लागते. यावरून दोन परिणाम निघतात. (१) ज्याचा आघात अस्थिर आहे त्याने लॉफ्ट कमी करावा. (२) ज्याचा आघात स्थिर झाला आहे त्याला सहा-सात नंबरपर्यंत खाली जाण्याचे कारण उरत नाही. पिचिंग वेज ते आठ नंबर या मध्यम क्षेत्रात त्याची एकूण त्रुटी न्यूनतम राहते.

८. शुद्धी

सहाव्या प्रकरणातील मूल्ये आदर्श स्थितीतील आहेत. वास्तवात पुढील पाच कारणांनी त्यांत शुद्धी करावी लागते.

(१) ग्रीनची गती. ती स्टिम्पमीटरने मोजतात. एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ साली हे साधन कल्पिले. ठरावीक उंचीवरून सोडलेला चेंडू सपाट ग्रीनवर किती फूट जातो, तो आकडा म्हणजे गती. ८ ते ९ ही मध्यम गती मानावी. गती वाढली की गुणोत्तर वाढते, म्हणून लॉफ्ट वाढवावा.

(२) ग्रीनचा उतार. होलकडे चढ असेल तर धाव घटते. एक क्रमांक कमी लॉफ्टचा क्लब घ्यावा. उतार असेल तर एक क्रमांक अधिक लॉफ्टचा.

(३) उभे राहण्याच्या जागेचा उतार. चढावर उभे राहिल्यास आघातकाळचा लॉफ्ट वाढतो, म्हणून कमी लॉफ्टचा क्लब घ्यावा. उतारावर याच्या उलट. खारघरसारख्या डोंगरपायथ्याच्या मैदानावर ही शुद्धी वारंवार करावी लागते. दुसरी आणि तिसरी शुद्धी एकमेकींना छेदू शकतात; त्या स्वतंत्रपणे मोजून नंतर बेरीज करावी.

(४) गवताचा कल. आपल्याकडील उष्ण हवामानातील ग्रीनवर बहुधा बर्म्युडा गवताची वाणे असतात. हे गवत म्हणजे आपली हरळीच होय. ते जमिनीलगत पसरते आणि एका दिशेस कललेले राहते. पृष्ठभाग चकाकता दिसला तर कल आपल्यापासून दूर आहे, धाव वाढेल. गडद दिसला तर कल आपल्याकडे आहे, धाव घटेल. होलच्या कडेचे निरीक्षणही उपयुक्त असते : ज्या बाजूची कड झिजलेली, विरळ दिसते, त्या बाजूस गवताचा कल असतो.

(५) ओलावा. याचे दोन परस्परविरोधी परिणाम आहेत. क्लबच्या मुखावरील पाणी फिरकी कमी करून धाव वाढवते. जमिनीतील पाणी टप्पा मारून टाकते आणि धाव घटवते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दुसरा परिणाम बलवत्तर ठरतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात बाराच्या नियमातून निघालेल्या क्लबपेक्षा एक, प्रसंगी दोन क्रमांक कमी लॉफ्टचा क्लब घ्यावा. मे महिन्यात जमीन तापून कठीण झालेली असते तेव्हा याच्या उलट. ग्रीनबाहेर चेंडू साचलेल्या पाण्यात असेल किंवा स्वतःच केलेल्या खळग्यात रुतला असेल तर नियमांनुसार दंडाशिवाय तो उचलून सोडता येतो. ही सवलत आधी तपासावी, क्लब नंतर निवडावा.

९. लायचा निषेधाधिकार

गुणोत्तर क्लब सुचवते. लाय तो नाकारू शकते. हा अधिकार तीन स्थितींत वापरला जातो.

(१) चेंडू उघड्या, कठीण जमिनीवर असेल तर जास्त बाउन्सचा तळ आपटून उसळतो आणि अग्रधार चेंडूच्या मध्यावर लागते. येथे सँड वेज वर्ज्य. पिचिंग वेज किंवा नऊ नंबर घ्यावा. काठावरचे गवत आखूड असेल तर पटरही चालतो.

(२) चेंडू दाट रफमध्ये बसला असेल तर कमी लॉफ्टच्या क्लबचे मुख गवतात अडकते. गुणोत्तराने आठ नंबर सुचवला तरी सँड वेज घ्यावा आणि पतनबिंदू होलच्या जवळ न्यावा. पाचव्या प्रकरणात सांगितल्याप्रमाणे फिरकी कमी असल्याने नेहमीपेक्षा अधिक धाव गृहीत धरावी.

(३) चेंडूखालील गवताचा कल लक्ष्याच्या विरुद्ध दिशेस असेल तर अग्रधार जमिनीत रुतते. येथे रुंद तळाचा क्लब, अगदी हायब्रिडसुद्धा, अधिक विश्वसनीय ठरतो.

१०. कृतीच्या अवस्था

चिपच्या कृतीच्या तीन अवस्था आहेत.

पहिली, रचना. पावले जवळ घ्यावीत. शरीराचा सुमारे ६० टक्के भार लक्ष्याकडील पायावर द्यावा आणि फटका पूर्ण होईपर्यंत तो तेथून हलू देऊ नये. चेंडू पावलांच्या मध्यावर किंवा किंचित मागे असावा. क्लब खाली सरकवून धरावा. हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत. ‘किंचित’ हा शब्द महत्त्वाचा आहे : हात फार पुढे नेल्यास लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही नाहीसे होतात आणि धार जमिनीत जाते. या रचनेचा एकमेव हेतू क्लबचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या पुढे आणणे हा आहे. तो साधला की पाचव्या प्रकरणातील सिद्धान्तानुसार आघात बऱ्याच अंशी सुरक्षित होतो.

दुसरी, हालचाल. खांदे आणि हात यांचा त्रिकोण एकसंध राहून मागे जातो आणि पुढे येतो. मनगट स्वतःहून काम करत नाही. गतीचा ताल स्थिर ठेवावा. उड्डाण कमीजास्त करायचे ते मागे नेण्याच्या लांबीने करावे. ताल आणि लांबी दोन्ही एकाच वेळी बदलणाऱ्याला त्रुटीचे कारण कधीही सापडत नाही.

तिसरी, समाप्ती. क्लब चेंडूनंतरही लक्ष्याच्या दिशेस जातो आणि हात त्याच्या पुढेच राहतात. समाप्तीचे मूल्य निदानात्मक आहे. शेवटी क्लबचे डोके हातांच्या पुढे गेलेले दिसले तर मनगटाने हस्तक्षेप केला आहे असे निश्चित समजावे.

११. दोष आणि निदान

दोष वरकरणी अनेक दिसले तरी त्यांची मूळ कारणे तीनच आहेत. (अ) भार मागच्या पायावर जाणे : यातून चेंडूआधी जमिनीवर आघात, किंवा तो टाळण्याच्या प्रयत्नात चेंडूच्या मध्यावर आघात. बाहेरून विरुद्ध दिसणारे हे दोन दोष एकाच कारणाची रूपे आहेत. (आ) मागची हालचाल लांब नेऊन आघाताच्या वेळी गती रोखणे : यातून अपुरे अंतर. (इ) पतनबिंदूऐवजी होलकडे पाहणे : यातून उड्डाणाचे अनुमान बिघडते. पहिल्यावर रचनेत, दुसऱ्यावर हालचालीत आणि तिसऱ्यावर रचनेच्याही आधी, निर्णयात उपाय करावा. कारण न ओळखता क्लब बदलणे हा उपाय नव्हे.

१२. दोन संप्रदाय

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. चिपच्या परिस्थिती असंख्य आहेत. त्यांना अनुरूप वैविध्य कोठेतरी निर्माण करावे लागते. ते निर्माण करणारी स्थाने दोनच : हात आणि पिशवी.

पहिल्या संप्रदायात क्लब एक आणि हात अनेक. सेव्ह बायेस्तेरोस हा स्पॅनिश खेळाडू बालपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच तीन नंबर आयर्नने खेळत शिकला. मुख उघडून, हात मागे ठेवून, मनगट वापरून त्याने त्या एका क्लबमधून सर्व लॉफ्ट काढले. याच संप्रदायाचे उदाहरण चेंबूरला आहे. तेथील मैदानाजवळच्या वस्त्यांत कॅडींनी गल्लीतला गोल्फ रूढ केला : लोखंडी सळई वाकवून केलेला क्लब आणि प्लास्टिकचा चेंडू. घरे, भिंती आणि पत्रे यांच्या मधून चेंडू न्यायचा असल्यामुळे खेळ जवळजवळ सर्वस्वी समीपफटक्यांचा होतो, आणि सळईला लॉफ्टचे पर्याय नसल्यामुळे सर्व वैविध्य हाताला सोसावे लागते. त्यातून येणारे कौशल्य उच्च प्रतीचे असते. मात्र त्याची अट अशी की खेळ रोजचा आणि दीर्घकाळाचा हवा. या संप्रदायात हालचालीची लांबी, मुखाचा कोन आणि मनगटाची क्रिया ही तीन चले हाताकडे असतात.

दुसऱ्या संप्रदायात हात एक आणि क्लब अनेक. येथे मुखाचा कोन आणि मनगट स्थिर राहतात. हाताकडे हालचालीची लांबी हे एकच चल उरते. गुणोत्तराचे वैविध्य क्लब देतो. कौशल्याची परमसीमा पहिल्याहून कमी आहे. दाट रफमधून उतारावरच्या होलकडे जाणारा नाजूक लॉब या रीतीने साधत नाही. परंतु ठरावीक तासांत मिळणारी विश्वसनीयता अधिक आहे.

विठ्ठलवाडीच्या खेळाडूने दुसरा संप्रदाय स्वीकारावा, हे पहिल्या प्रकरणातील गृहीतकावरून निष्पन्न होते. मात्र येथेही अतिरेक टाळावा. क्लब वाढले की प्रत्येकासाठी हालचालीची लांबी स्वतंत्रपणे शिकावी लागते. सातव्या प्रकरणातील निष्कर्ष आणि नवव्या प्रकरणातील निषेध एकत्र घेतले तर तीन क्लब पुरेसे ठरतात : सँड वेज, पिचिंग वेज आणि आठ नंबर. पिचिंग वेज आणि आठ नंबर यांमधले ३ हे गुणोत्तर आले तर पतनबिंदू एखादे पाऊल पुढे किंवा मागे घेऊन २ किंवा ४ कडे वळता येते.

१३. अभ्यासाची रीत

चिपमधील दोन राशींचे स्वरूप भिन्न आहे. उड्डाण हाताने निर्माण होते. ते सवयीने शिकावे लागते आणि सवय पुनरावृत्तीने लागते. गुणोत्तर क्लब, गवत आणि उतार यांनी ठरते. ते शिकायचे नसते, मोजायचे असते. पहिल्याला वेळ लागतो, पण ग्रीन लागत नाही. दुसऱ्याला ग्रीन लागते, पण वेळ थोडा पुरतो.

घरचा अभ्यास. गच्चीवर किंवा इमारतीच्या रिकाम्या आवारात आखूड लोकरीची चटई किंवा कृत्रिम गवताचा तुकडा अंथरावा. पुढे घडी केलेली गोधडी ठेवावी. ती चेंडूचा टप्पा शोषून घेते, त्यामुळे पतनबिंदू स्पष्ट दिसतो आणि चेंडू इतरत्र जात नाही. गोधडी अनुक्रमे ३, ५ आणि ७ पावलांवर ठेवावी. तीन क्लब आणि तीन अंतरे मिळून नऊ जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी हात मागे कोठपर्यंत जातो, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत की कमरेपर्यंत, ते निश्चित करून लिहून ठेवावे. चटईचा एक दोष ध्यानात असावा : क्लब आधी चटईवर टेकला तरी तो सरकून चेंडूला लागतो आणि चूक लपते. म्हणून चेंडूच्या एक वीत मागे दुमडलेला रुमाल ठेवावा. रुमालाला स्पर्श झाला तर तो फटका चुकीचा मानावा.

मैदानावरचे मापन. ग्रीनवर गेल्यावर प्रथम तीनही क्लबांचे त्या दिवसाचे गुणोत्तर काढावे. सपाट भाग निवडून प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारावेत, प्रत्येकाचे उड्डाण आणि धाव पावलांनी मोजावी आणि आलेल्या गुणोत्तरांतील मधले मूल्य घ्यावे. सरासरी घेऊ नये. एका बिघडलेल्या फटक्याने सरासरी दूषित होते, मधले मूल्य होत नाही. पावसाळा आणि उन्हाळा यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

दोहोंचा संयोग. घरी ४ पावलांच्या उड्डाणात चेंडू अर्धे पाऊल मागेपुढे पडत असेल, आणि क्लबचे गुणोत्तर ३ असेल, तर मैदानावर अंतिम फरक ४ गुणिले अर्धे, म्हणजे २ पावले मागेपुढे राहील. हा आकडा ग्रीनवर न जाताच काढता येतो. व्यावसायिक खेळाडूही ८ फुटांवरून सुमारे निम्मेच पट होलमध्ये घालतात. तेव्हा उड्डाणातील फरक पाव पावलावर आणणे हे घरच्या अभ्यासाचे मोजता येणारे उद्दिष्ट ठरते, कारण त्यामुळे उरणारा पट जास्तीत जास्त एका पावलाचा होतो.

१४. मर्यादा आणि निष्कर्ष

चिपचे महत्त्व अवास्तव वाढवणे योग्य नाही. कोलंबिया विद्यापीठातील मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक स्पर्धांतील फटक्यांच्या नोंदींचे विश्लेषण करून दाखवले आहे की खेळाडूंमधील गुणांच्या अंतरापैकी सुमारे दोनतृतीयांश भाग लांब फटक्यांतून येतो. म्हणून चिप सुधारला की सर्व साधले, असे येथील प्रतिपादन नाही. परंतु लांब फटक्यांच्या सुधारणेसाठी मोकळी जागा लागते, आणि ती येथे नाही. प्रत्येक तासामागे मिळणाऱ्या लाभाच्या दृष्टीने पाहिल्यास, गच्चीवर करता येणारा चिपचा अभ्यासच या खेळाडूस परवडणारा आहे.

निष्कर्ष क्रमाने असे. (१) क्लब गुणोत्तरावरून ठरतो आणि गुणोत्तर पतनबिंदूवरून. (२) लॉफ्ट कमी करण्याचा लाभ अंतराच्या अचूकतेत नसून आघाताच्या सुरक्षिततेत आहे. आघात स्थिर झाल्यावर तो लाभ संपतो. (३) शुद्धी पाच, आणि त्या सर्वांवर लायचा निषेधाधिकार. (४) वैविध्याचा भार ज्याच्यापाशी तास आहेत त्याने हातावर घ्यावा, ज्याच्यापाशी नाहीत त्याने क्लबवर टाकावा. (५) उड्डाणाचा सराव घरी करावा, गुणोत्तराचे मापन मैदानावर करावे. शेवटच्या दोन निष्कर्षांपैकी चौथा खेळाडूच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. परिस्थिती बदलल्यास तो बदलेल. पाचवा मात्र फटक्याच्या स्वरूपातून निघतो, म्हणून रोज ग्रीनवर जाणाऱ्यालाही तो लागू आहे.